आंटीने केलेली बदली

पोलीस चोरीला गेल्याची तक्रार माझ्या नोकरीत एकदाच आली. आठवली की अजून हसू येतं.

तेव्हा मी अंधेरी पूर्वेच्या एका ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. गाड्यांचा वेग आवरावा म्हणून मोठ्या रस्त्याच्या वळणावर वाहतूक पोलिसाचा फायबरचा पुतळा उभा केला होता. एका सकाळी वाहतूक शाखेचा हवालदार धापा टाकत आला. "साहेब, आपला माणूस गायब!"

स्टेशन डायरीत नोंद झाली. भंगारवाल्यांकडे चौकशी केली, हाती काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी एका रिक्षावाल्याने खबर दिली.

"तुमचा पुतळा गावठाणातल्या शाळेसमोर आहे. काल गेटच्या अलीकडे होता, आज पलीकडे. दोन्ही वेळा मी करकचून ब्रेक मारला!"

आम्ही पोहोचलो तेव्हा पुतळा खरंच तिथे होता. समोरच्या घरातून साठीची एक ख्रिस्ती बाई बाहेर आली. सगळे तिला आंटी म्हणत. "मीच आणला, हातगाडीवर घालून," ती म्हणाली. ठाण्यात आणून चहा दिला आणि जबाब घ्यायला बसलो.

"पोलीस चोरलात, कबूल?"

"चोरला नाय. बदली केली."

हवालदार तोंड फिरवून हसला. मी कसाबसा गंभीर राहिलो.

"आमच्या शेजारची पोरगी शाळेतून सुटली नि बाइकने उडवली. पाय मोडला तिचा. इथे पोलीस ठेवा म्हणून मी तीन अर्ज दिले. कोण येत नाय, मग म्हटलं आपणच घेऊन येऊ."

"पण रोज जागा का बदलता?"

"एका जागी राहिला तर चार दिवसांत ओळखतात ना! मग त्याला कोण भितो?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना मी साध्या कपड्यांत तिच्या ओट्यावर बसलो. झेब्रा क्रॉसिंग गेटपासून बरंच लांब, तिकडे एकही मूल फिरकलं नाही. सगळी गेटमधून सुटली ती सरळ समोर. रस्ता तिथेच ऐसपैस होत होता, त्यामुळे गाडीवाले नेमका तिथेच वेग वाढवत. इतकी वर्षं मी रस्ता ओलांडणाऱ्यांना आणि गाडीवाल्यांना, दोघांनाही बेशिस्त म्हणत आलो होतो.

पुतळा परत मिळाला, आंटीला समज देऊन सोडलं. मी मात्र वॉर्ड ऑफिसात फेऱ्या मारल्या. तिथल्या इंजिनीअरला आंटीच्या ओट्यावर आणून बसवलं, तेव्हा त्यालाही पटलं. काही महिन्यांत गेटसमोरचा रस्ता अरुंद झाला, फुटपाथ रुंद झाला आणि नेमकं मुलं ओलांडतात तिथेच स्पीडब्रेकरसारखं उंच क्रॉसिंग बांधलं. पाय बरा झालेली ती मुलगी पहिल्याच दिवशी त्यावरून दोनदा गेली, उगीचच.

आधी वाहतूक शाखेत दंडाच्या पावत्या फाडण्यात माझी निम्मी नोकरी गेली. माणसं कशी चालतात ते बघून रस्ता बांधावा, हे त्या बाईने शिकवलं. परवा तिकडून गाडीने जात होतो. ना पोलीस, ना पाटी. तरी माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.