पुरुष नसलेली चाळ

गिरण्यांचा संप लांबत गेला तसे मुलुंडच्या आमच्या महिला मंडळाकडे येणारे अर्ज वाढले. दिवाळीचा फराळ विकून आम्ही मुलींच्या शिक्षणासाठी थोडा निधी जमवत असू. तो सगळ्यांना पुरणार नव्हता. म्हणून नियम केला: ज्या घरात पुरुष नाही, त्या घरातल्या मुलीला आधी. हिशेब माझ्याकडे असे, तेव्हा घरं पाहायलाही मीच जाई.

विक्रोळीच्या एका चाळीत मी आधी कळवून गेले ती रविवारी दुपारी. गॅलरीत एका दाराशी कॅरमबोर्ड मांडलेला होता. डाव अर्धा झालेला, पण खेळणारं कोणी नाही. दारांबाहेर चपला होत्या, त्या सगळ्या बायकांच्या नि पोरींच्या. दोऱ्यांवर साड्या, परकर, फ्रॉक. शर्ट एकही नाही. मी चालत गेले तसतशी पुढच्या दारांतली बोलणी बंद होत गेली. संपाच्या दिवसांत, रविवारी, अख्ख्या चाळीत एक पुरुष नसावा, हे गणित मला जमेना.

ज्या घरी जायचं होतं ते टोकाचं. मुलगी दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली होती. अकरावीला प्रवेश मिळाला होता, पण फी भरायची मुदत येत्या शनिवारी संपत होती. नाही भरली तर त्यापुढच्या सोमवारपासून घाटकोपरला बॉलपेन जोडायच्या कामाला जायचं ठरलं होतं. तिनेच दार उघडलं. आई मोरीपाशी उभी होती. कपाळ मोकळं, गळा मोकळा. कपाळाच्या मधोमध कातडी घासल्यासारखी लाल दिसत होती.

"वडील?" मी विचारलं.

आईने मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "नाहीत."

"केव्हापासून?"

"झाले की दिवस," आई म्हणाली. "बॉबिनच्या कारखान्यात होते. गिरण्या बंद, मग बॉबिन कोण घेणार? कारखाना बंद पडला आणि..."

तेवढ्यात माझ्या डोक्यावर लाकूड कुरकुरलं. वर माळा होता, त्याला जुन्या साडीचा पडदा. वारा नव्हता, तरी पडद्याची खालची कड हलत होती. मग खोकल्याची दबलेली उबळ आली. मुलगी लगेच खोकली, मोठ्याने, दोनदा.

"हिला सर्दी झालीय," आई म्हणाली.

मी चहा घेतला. कॉलेजचं, पुस्तकांचं, रेल्वेच्या पासचं विचारलं. मुलगी नीट उत्तरं देत होती आणि बोलताना एकदाही वर पाहत नव्हती. मला मात्र सारखं वाटत होतं, की वरचा माणूस श्वास मोजून घेतोय. आपण या घरात नाही, हे तो आपल्याच बायकोच्या तोंडून ऐकत पडला होता.

मी उठले. आईने सवयीने देवाजवळचा कुंकवाचा करंडा उचलला. सवाष्ण बाई घरून निघाली की तिला कुंकू लावायचं, हे तिच्या हाताला विचारावं लागत नव्हतं. बोट कुंकवात बुडालं, माझ्या कपाळाशी आलं आणि तिथेच थांबलं. नवरा नसलेली बाई कुंकू लावत नाही. तिघींनाही ते एकदमच कळलं. लाल बोट हवेत तसंच राहिलं. वरचा श्वासही थांबला.

"लावा ना," मी म्हटलं.

"मी कशी लावू, ताई?" तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी स्वतःच पुढे वाकले आणि आईच्या बोटाला कपाळ टेकवलं. बाहेर पडले तेव्हा गॅलरीतली सगळी दारं बंद होती.

दुसऱ्या दिवशी मंडळात मी घर, माणूस काही सांगितलं नाही. फक्त नियम बदला म्हटलं.

"मग उद्या अख्खी विक्रोळी रांगेत उभी राहील गं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"राहू दे. पैसे संपले की संपले. पण 'पुरुष' काढा आणि तिथे 'पगार' घाला. पगार नसलेला माणूस घरात असला काय, नसला काय, बेरजेला सारखाच."

"तुला माणसंसुद्धा बेरजेतच दिसतात," एकजण म्हणाली. सगळ्या हसल्या. नियम बदलला.

फी मुदतीत भरली गेली. पावती द्यायला मी पुन्हा गेले, रविवारीच. नियम बदलल्याचं चाळीत कळलं होतं. गॅलरीत आता कॅरम चालू होता, पोरं एकमेकांना शिव्या देत होती, दोऱ्यांवर शर्ट होते. आईच्या कपाळावर कुंकू होतं. तिने मलाही लावलं, न थांबता.

"त्यांना बोलवा की खाली," मी म्हटलं. "आता काही अडचण नाही."

"सांगितलं, ताई. रोज सांगते." तिने माळ्याकडे पाहिलं. "म्हणतात, वर बरं आहे."

मुलीने शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढून चहाचा कप वर धरला. पडद्याआडून एक हात आला, कप घेऊन आत गेला. आम्ही कॉलेजचं बोलत राहिलो. थोड्या वेळाने तोच हात रिकामा कप घेऊन बाहेर आला आणि कोणी घेईपर्यंत तसाच हवेत राहिला.