मशेरीच्या घरातले ब्रश

आमच्या रंजितावहिनीचं कौतुक मी करणार, आणि कुणाला खटकलं तरी करणार. नणंदेनं भावजयीच्या नावानं नाक मुरडावं असा रिवाज आहे, पण तो पाळायला वाडीत दुसऱ्या नणंदा पुष्कळ आहेत.

मी माधुरी. लग्नानंतर पोलादपुरात राहते. माहेर वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला, डोंगरावरच्या वाडीत. तिथे माझी आई साळूबाई, वहिनी, तिची चार वर्षांची सेजल, म्हशी आणि थोडी भातशेती. माझा दादा सुधीर मुंबईला कामाला असतो. सणाला येतो आणि येताना पिशवीभर शहाणपण घेऊन येतो.

आमच्या घरात दात घासायचे ते मशेरीनं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि डबीत भरायची. सकाळी ओट्यावर बसलं की बोट तोंडात आणि गावाच्या उखाळ्यापाखाळ्या सुरू. वहिनीला ही सवय तिच्या माहेरी, फ्रॉक घालायच्या वयात लागली. मशेरी नाही मिळाली तर तिचं डोकं चढायचं आणि घरातलं भांडं न् भांडं आपटायचं. त्यात आमच्या घरची रीत अशी की सासूची मशेरी सुनेनंच भाजायची.

यंदा शिमग्याला दादानं ब्रशांचं पाकीट आणलं. सगळे एकाच मापाचे, मोठ्या डोक्याचे. "कडकवाले घेतलेत मुद्दाम, एकदम क्लीन होतात दात," असं वर सांगितलं आणि सण संपल्यावर निघून गेला. जितकं घासावं तितकं लखलखतं, हे आमच्याकडे सगळे भांड्यांवरून शिकलेले. तेव्हा आईनंही नातीला पुढ्यात बसवून हुकूम सोडला, "घास गो, जोरात घास!" सेजलच्या इवल्याशा तोंडात तो ब्रश मावेना. हिरडी सोलली, रक्त आलं. पोरीनं ब्रश अंगणात भिरकावला आणि तोंड गच्च मिटून घेतलं.

आईला नातीची दया आली. तिनं डबी उघडली आणि चिमूटभर मशेरी पोरीच्या बोटाला लावली. "ह्या काट्यांपरीस आपली मशेरी बरी गो बाय. बग, कशी मऊ हाय."

वहिनी नेमकी गोठ्यातून येत होती. हात शेणानं भरलेले, म्हणून तिनं मनगटानंच पोरीचं बोट पुसलं. आणि त्याच दिवशी सेजलला कडेवर घेऊन खाली माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"माधुरी, मला लागली ती लागली. हिला लागू द्यायची नाय. बरा ब्रश कुठं मिळतो तो दाखव." मी चपला घातल्या.

स्टँडजवळचा मेडिकलवाला भला माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि काउंटरवर ब्रश मांडले. म्हणाला, कडक ब्रश मोठ्यांनाही नको. मऊ केसांचा घ्या आणि हलक्या हातानं फिरवा. लहान मुलांचा वेगळा असतो. त्याचं डोकं बारीक, केस आणखी मऊ, आणि मूठ जाड, म्हणजे त्यांना धरता येते. पेस्ट वाटाण्याएवढीच द्यायची, आणि मूल थुंकेपर्यंत मोठ्या माणसानं जवळ राहायचं. ज्याचा ब्रश त्यानंच वापरायचा, आणि केस फाकले की टाकून द्यायचा.

"म्हंजे रेडकाला म्हशीचा बोळा लावला आमी!" वहिनी म्हणाली. म्हशीला पेंढ्याच्या बोळ्यानं खसाखसा घासायचं आणि रेडकाला नुसत्या फडक्यानं पुसायचं, हे तर ती रोजच करते. मेडिकलवाल्याला ते इतकं आवडलं की पुढच्या गिऱ्हाइकाला त्यानं तसंच सांगितलं.

सेजलनं बदकाचं चित्र असलेला पिवळा ब्रश उचलला आणि आईकडे बघून विचारलं, "तू कुठला घेतेस? का तू मशेरीच लावनार?"

मला वाटलं, आता पोरीला दटावणार. पण तिनं मोठ्यांचा एक मऊ ब्रश निवडला आणि माझ्याकडे न बघता पिशवीत टाकला.

मग मशेरीवाचून जे दिवस गेले ते देवानं शत्रूलाही दाखवू नयेत. वहिनीचं डोकं ठणकायचं. ती म्हशींशी भांडायची, पळी फेकायची, आणि कारण नसताना रडायची. शेजारची मंजुळाकाकी ओट्यावरून विचारायची, "काय गो रंजिता, मुंबयवाली झालीस काय?" वहिनी बडीशेप चघळत म्हणायची, "व्हय काकी, फ्लॅट बगायला या."

खरी परीक्षा झाली ती आईची डबी रिकामी झाली त्या दिवशी. मी माहेरीच होते. म्हटलं, मी भाजते.

"नको. सासूची मशेरी सून भाजते. तुमच्याच घरची रीत हाय."

तिनं नाकाला पदर बांधला आणि चुलीपुढे बसली. तव्यावर तंबाखू पडली आणि तो वास घरभर झाला. वहिनीच्या कपाळावर घाम आला होता. सेजल दारात पिवळा ब्रश धरून उभी. आई सगळं बघत होती. ही तलफ काय असते ते तिच्यापेक्षा कुणाला ठाऊक?

"एक चिमूट घे गो," आई हळूच म्हणाली. "कोन बगत नाय."

"सेजल बगते, आई."

आई उठली. फडक्यानं धरून तवा तिनं स्वतः खाली उतरवला. "ऊठ. यापुढं माजी मी भाजीन, गोठ्यामागं." तिथे माझा ऊर भरून आला, आणि तो अजून ओसरलेला नाही.

आईची मशेरी सुटली असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? पण ती नातीसमोर डबी काढत नाही. मध्यंतरी हिरड्या दुखतात म्हणून तिनंच ब्रशाचा विषय काढला. वहिनी मोठ्यांचा मऊ आणायला निघाली, तर सेजल म्हणाली, "आजीला माझ्यासारखा आन. तिचं पन दात थोडंच हायत."

आता सकाळी आजी आणि नात शेजारी बसून घासतात, दोघींच्या हातात बदकं. पहिल्या दिवशी ओट्याओट्यावरच्या बाया पोट धरून हसल्या. आईनं चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हसा गो, हसा. सुनेनं निवडून आनलाय. तुमच्यात कुनाला आनलाय काय?"