त्राटिकेचं नाक

"अरे, तुझ्या त्राटिकेची तर शूर्पणखा झाली!"

नाना माझ्या खोलीच्या दारात उभे राहून ओरडले आणि त्यांच्या मागची चार माणसं खदखदून हसली. माझ्या हातात मुखवटा. लाल तोंड, सुपाएवढे कान, बटाट्यासारखे डोळे. आणि मधोमध भोक. नाक समोरच्या भिंतीवरच राहिलं होतं. ओल्या चुन्यात रुतलेलं, बुरशीनं काळं पडलेलं, वांग्याएवढं नाक.

नाना म्हणजे घरमालक. मी त्यांना भिंत बघायला बोलावलं होतं. ते व्याह्यांना आणि त्यांच्या गोतावळ्याला सोबत घेऊनच आले. फुकटचा खेळ कोण सोडतो? चपला घालून आत शिरले. भिंतीवर बोट फिरवलं, हुंगलं, आणि पाहुण्यांकडे वळून निकाल दिला.

"ही ओल माझ्या भिंतीची नाय. ही यांच्या श्वासाची ओल आहे. डोंगरातली माणसं ही. कुडाच्या घरात श्वास फटीतून निघून जातो. पक्क्या घरात कुठं जाईल?"

पुन्हा हशा. त्यात एक हसू माझंही.

हसणं हा माझा जुना धंदा. मी डोळखांबकडच्या पाड्यावरचा, आदिवासी घरातला, आमच्या पाड्यावरचा पहिला मास्तर. किन्हवलीच्या वाटेवरच्या एका शाळेत शिकवायचो आणि शहापूरला नानांच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहायचो. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. आळीतल्या बाकीच्या मास्तरांना नाना 'गुरुजी' म्हणत. मला 'ए मास्तर'. मी त्यांना अहोजाहो करायचो, ते मला अरेतुरे. अशा जागी माणसानं एक तर भांडावं, नाही तर हसवावं. मी हसवायचो. नक्कल, गाऱ्हाणं, रडणारं पोर, म्हातारीचं खोकणं, सगळं येतं मला. लोक म्हणायचे, मास्तर लय मजेशीर. मला वाटायचं, हा मान आहे.

पाहुणे गेले. बायको स्टोव्हजवळ पाठमोरी बसली होती. वळली नाही.

"ते हसले ते हसले," ती म्हणाली. "तुमी का हसलात?"

या प्रश्नाची नक्कल मला आजपर्यंत जमलेली नाही.

आता ती त्राटिका माझ्या खोलीत काय करत होती, ते सांगतो. आमच्याकडे होळीनंतर बोहाडा होतो. देव-राक्षसांची सोंगं मुखवटे घालून, संबळ-पिपाणीच्या तालावर गावातून नाचत येतात. एकेक सोंग एकेका घराकडे. आमच्या घराकडे त्राटिका. आज्यानं कागदाचा लगदा, मेथीचं पीठ आणि डिंक कालवून घडवलेली. आज्यानंतर बा नाचला, बाचे गुडघे गेले तशी ती माझ्याकडे आली. तिला रंग द्यायचा होता, म्हणून शहापूरला आणून ठेवली होती.

आमचा एक नेम आहे. खेळ नसतो तेव्हा सोंगाचं तोंड माणसाकडे ठेवायचं नाही. त्याची नजर घरावर पडता कामा नये. भिंतीकडे तोंड करून टांगायचं. कुडाच्या भिंतीला वारा खेळतो, तिथं काही होत नाही. मी तोच नेम सिमेंटच्या भिंतीवर पाळला. त्राटिका आठ-नऊ महिने भिंतीला तोंड लावून टांगलेली. आम्हाला दिसायची फक्त तिची पाठ. पाठ ठणठणीत कोरडी. पुढून ती रोज थोडी थोडी भिंत खात होती, की भिंत तिला खात होती, कुणाला कळावं?

ओल मात्र दिसत होती. पावसात म्हटलं, पावसाची असेल. दिवाळी गेली, थंडी पडली, शेतं कापून झाली, तरी भिंत घामेजलेलीच. लुगड्यांच्या पेटीला बुरशी. तांदळाला वास. माझ्या एकुलत्या एका कोटाच्या खिशात खरोखरची अळंबीची छत्री उगवली, पांढरी, नाजूक. मी ती शेजाऱ्यांना दाखवून हसवलं.

नानांना सांगितलं, तर म्हणाले, "तुमी आत पेज शिजवता. वाफ कुठं जाणार?" बायकोनं चूल बाहेर पागोळीखाली मांडली. तरी ओल. "कपडे आत वाळत घालता." कपडे बाहेर तारेवर गेले. तर काकू, म्हणजे नानांची बायको, माडीवरून म्हणाल्या, "गो, तुझी लुगडी पुढच्या बाजूला नको घालू. होणाऱ्या सुनेच्या माहेरची माणसं येतात." लुगडी मागं, संडासाच्या भिंतीवर गेली. तरी ओल. "खिडकी उघडी ठेवत जा रे." खिडकी उघडी ठेवली. थंडीनं दोघं कुडकुडलो. ओल उतरतच होती, छातीपर्यंत, कमरेपर्यंत. आम्ही जेवढं ऐकत होतो तेवढी ती उतरत होती. उरला होता फक्त श्वास. तोही बाहेर जाऊन घेतला असता, नानांनी नुसतं सांगायचा अवकाश होता.

आणि आमच्या डोक्यावर, बरोब्बर त्या भिंतीच्या वर, नानांची नवी न्हाणी होती. मुलाच्या लग्नासाठी बांधलेली. गुलाबी फरशी. अख्खी आळी बघून आली होती. आम्हालाही दाखवली होती, दाराबाहेरून.

मार्गशीर्षात नानांचं सगळं बिऱ्हाड मुलाच्या लग्नाला मुरबाडकडे गेलं. आठवडाभर घर बंद. आम्ही दोघंच खाली. त्या आठवड्यात भिंत वाळली. वरून खाली, पोपडे धरत वाळली. बायकोनं हात लावून बघितलं आणि म्हणाली, "अहो, ही तर शुद्धीवर आली." नाना परतले, नवी सून आली, वर बादल्या वाजायला लागल्या. भिंत पुन्हा ओली.

मला तेव्हाच कळलं होतं. पण कळणं आणि तोंड उघडणं यांच्यामध्ये एक भलीमोठी खिंड असते. सिद्धगडाच्या वाटेवर असते तशी.

नाक पडलं आणि मी मुखवटा पाटीत घालून पाड्यावर गेलो. सोंग बिघडलं की घरात लपवता येत नाही. पारावर गावासमोर ठेवावं लागतं. मी ठेवलं. सगळे बघत राहिले. कुणी हसलं नाही. सोंग बिघडलं की आमच्या गावात कुणी हसत नाही, आणि मी त्यावर हसवणारा, हे मला पहिल्यांदाच अंगावर आलं.

बा काठी टेकत पुढं आला. भोकात बोट घालून बघितलं.

"कुणाच्या छपराखाली होती?"

"नानाच्या. पण टांगली मी होती बा."

"मी तुला टांगली कुणी ते इचारलं का? छप्पर कुणाचं?"

"नानाचं."

"मग तू कशाला मान खाली घालून उभा ऱ्हायलास?"

आमच्याकडे रीत आहे. सोंग ज्याच्या छपराखाली बिघडेल, त्या छपराच्या धन्यानं नारळ घेऊन पारावर यायचं आणि जाब द्यायचा. मग सोंग दुरुस्त होतं. त्याआधी नाही. माझ्या लहानपणी गावच्या पाटलाच्या घरी गळतीनं हनुमंताची शेपटी भिजली होती, तर पाटील स्वतः उघड्या डोक्यानं उभा राहिला होता. मी बघितलं होतं ते. बघून विसरलो होतो. शहापूरला खोली मिळाली तेव्हा मी माझी रीत डोंगरावर ठेवून आलो आणि फक्त सोंग खाली आणलं.

"जा," बा म्हणाला. "त्याला सांग, जाब बाकी आहे."

सांगायची वेळ नानांनीच आणली. त्यांच्याकडे सत्यनारायण होता. ओसरीवर पाहुणे, शिरा, केळी, मांडवात खुर्च्या. मी खोलीकडे निघालो होतो तर नानांनी हाक मारली.

"ए मास्तर! ते बिननाकाचं सोंग आण. व्याह्यांना नाचून दाखव. त्यांना लय मजा वाटली होती त्या दिवशी."

बायको दारात उभी होती. मी आत गेलो आणि त्राटिका घालून बाहेर आलो.

काय नाचलो! संबळ नव्हता, तर एका पोरानं स्टीलचं ताट वाजवलं. मी कमरेत वाकलो, केस झटकले, बायकांवर धावून गेलो, केळीचा खांब हलवला, व्याह्यांच्या फेट्यावर फुंकर मारली. लोक पोट धरून हसत होते. नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि मग मी नाचत नाचत त्यांच्या खुर्चीपुढं आलो आणि त्राटिकेच्या आवाजात ओरडलो,

"माझं नाक कुठं आहे रे, नाना?"

हशा.

"कुणाच्या छपराखाली गेलं?"

आणखी हशा. नाना हात झटकत म्हणाले, "पुरे आता. उतरव सोंग."

मी उतरवलं. काखेत धरलं. आणि माझ्या आवाजात, माझ्या तोंडानं तेच विचारलं.

"नाना, माझ्या सोंगाचं नाक तुमच्या छपराखाली गेलं. जाब तुमचा आहे."

आता कुणी हसलं नाही. ताट वाजायचं थांबलं.

"काय बोलतोस?"

"तुमची न्हाणी गळते. तिचं पाणी माझ्या भिंतीत उतरतं."

"तुला सांगितलं ना, ती तुमच्या श्वासाची..."

"तुमी सगळे लग्नाला गेलात तेव्हा आठवडाभर भिंत वाळली. आमी दोघं आतच होतो, नाना. श्वास घेत होतो."

मांडवात एक बाई फिसकन हसली आणि तिनं तोंडावर पदर घेतला. ती नानांची नवी सून होती. तिनंच मागून हळूच म्हटलं, "मोरीत पाणी तुंबतंच की." काकूंनी तिच्याकडे बघितलं, ती आत गेली.

नानांचं तोंड त्राटिकेपेक्षा लाल झालं. "चार बुकं शिकलास म्हणून घरमालकाला जाब विचारतोस? उद्याच्या उद्या खोली खाली कर."

"करतो. तुमी नारळ घेऊन आमच्या पारावर या. पाटील आला होता. तुमी पाटलापेक्षा मोठे नाय."

"मी? त्या डोंगरावर? तुमच्यापुढं?"

"माझ्यापुढं नको. तिच्यापुढं." मी मुखवटा पुढं धरला. ते दोन पावलं मागं सरले.

खोली दुसऱ्या दिवशी खाली केली. आळीत चर्चा झाली, मास्तरला राग आला म्हणे, आधी किती मजेशीर होता. नवी खोली मिळेपर्यंत बायको माहेरी राहिली, मी शाळेच्या व्हरांड्यात. कोट फेकला. लुगडी फेकली. भरपाई कुणी दिली नाही. न्हाणी पुढच्या वर्षी फोडून पुन्हा बांधली, असं ऐकलं. म्हणजे नानांनाही कळलं होतं. पाणी कुठून येतं ते कळत होतं, जाब विचारणारा मी, ते मान्य नव्हतं.

नाना काही आले नाहीत. आता ते राहिलेही नाहीत. घर मुलाकडे आहे. पण आमची रीत माणसाला धरत नाही, छपराला धरते.

नाक बसवणं अवघड नाही. लगदा, मेथी, डिंक, दोन दिवसांचं ऊन. मला येतं ते. पोरं दर वर्षी म्हणतात, मास्तर, बसवून टाका ना, लय विद्रूप दिसते. मी बसवत नाही. दर बोहाड्याला त्राटिका तशीच येते, मध्ये भोक घेऊन, आणि पारासमोर थांबते. कुणी तरी ओरडून विचारतं, "गो, नाक कुठं गेलं तुझं?" आणि मी आतून, खणखणीत आवाजात, त्या घराचं, त्या आळीचं, त्या छपराच्या धन्याचं नाव घेतो. लोक हसत नाहीत. नाव पाठ करतात.

खेळ संपला की आता मी तिला भिंतीकडे तोंड करून टांगत नाही. नेम मोडला तो एवढाच. पाड्यावरच्या घरात तिचं तोंड दाराकडे असतं. नारळ घेऊन कुणी चढलं, तर तिला आधी दिसायला हवं. तोवर नाक बसणार नाही.