समुद्रतळाची गरमी मोजणाऱ्या बाई

गाळ्यात शिरल्या की बाई आधी लेथच्या मोटरवर पालथा पंजा ठेवायच्या. तापलेल्या पोराच्या कपाळावर आई ठेवते तसा. एकदा म्हणाल्या, "भाऊ, ही उन्हाची गरमी नाही, आतून येतेय. बेअरिंग बघा." उघडून बघितलं तर बेअरिंग खरंच गेलेलं. मला रागच आला. मशीन माझं आणि दुखणं यांना कळणार!

नव्वदच्या दशकात मी सातिवलीला नवाच गाळा घेतला होता. ग्रिल आणि गेटं करायचो. बाई जवळच्याच गिरीज गावच्या, वाडीतल्या. नोकरी मात्र खोल समुद्रातली. पृथ्वीच्या पोटातली उष्णता समुद्राच्या तळातून किती वर येते, ते त्या जहाजावर जाऊन मोजायच्या. त्यासाठी लागणारी लांब पोलादी दांडी त्यांना माझ्याकडून हवी होती. तुमच्या-माझ्यासारख्याला समुद्र म्हटला की मासळी आठवते. मी विचारलं, "एवढ्या थंड पाण्याखाली कसली आलीय गरमी?"

"शेणखताच्या ढिगात काठी खुपसा. थोड्या वेळाने ओढून बघा, कुठलं टोक जास्त गरम लागतं? खालचं ना? आमचंही तेच. फक्त ढीग मोठा आहे."

दांडीवर ठरावीक अंतरावर तापमान मोजणारी उपकरणं बसायची. जहाजावरून पोलादी दोराने खाली सोडली की डोक्यावरच्या वजनाने ती तळाच्या चिखलात घुसायची. घुसताना घासून स्वतःच तापायची. म्हणून आधी ते तापणं उतरू द्यायचं, मग चिखलाचं तापमान वाचायचं. ही सवय बाईंनी जमिनीवरही आणली होती. एखाद्या गिऱ्हाइकावर मी तोंडसुख घेऊ लागलो की म्हणायच्या, "थांबा भाऊ. ही तुमचीच गरमी आहे. ती उतरू दे, मग त्याचं काय ते कळेल." चहा संपेपर्यंत गिऱ्हाइकाचं म्हणणं मला पटू लागायचं, हा त्रास वेगळाच.

एका सफरीनंतर दांडी टेम्पोतून परत आली, ती घडाच्या भाराने केळ वाकते तशी वाकून. सोबत बाई आणि त्यांच्या ऑफिसातले एक साहेब. शेजारचे गाळेवालेही जमले. साहेब म्हणाले, "काम मोठ्या कारखान्याला द्यायला हवं होतं." हे सातिवलीभर झालं असतं, तर मला गेटाचं कामसुद्धा कुणी दिलं नसतं.

बाई उकिडव्या बसल्या. एकेक जोड बोटांनी चाचपला. मग उठून म्हणाल्या, "साहेब, दांडी चिखलात रुतलेली असताना जहाज सरकलं. वर ओढा म्हणायचं काम माझं होतं. आणखी थोडे आकडे मिळतील म्हणून मी उशीर केला. दांडी वाकली ती माझ्यामुळे. एकही जोड सुटला नाही, सगळी उपकरणं परत आली, ती ह्यांच्यामुळे." हे त्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. मग माझ्याकडे वळून, "दुसरी कधी देता?"

चारचौघांत असं स्वतःच्या अंगावर घेणारं माणूस तुम्ही पाहिलंय का? मी तोवर पाहिलं नव्हतं. "पुढच्या महिन्यात," एवढंच मला म्हणता आलं. माझा गाळा तगला तो त्या दिवसामुळे. बाईंचे आभार पुढच्या खेपेला मानू, असं दर खेपेला ठरवायचो. त्या आल्या की गप्पांत राहून जायचं.

बाई गेल्याचं कळलं तेव्हा गिरीजच्या चर्चमध्ये गेलो. मिस्सा, म्हणजे त्यांची प्रार्थना, चालू होती. पुढचा उठला की उठायचं, बसला की बसायचं, असं करत मी शेवटच्या बाकावर होतो. नंतर त्यांच्या मिस्टरांना भेटलो. "मी सातिवलीचा, ती दांडी..." त्यांनी पुढे बोलू दिलंच नाही. दोन्ही मुलींना हाक मारली.

"हे मम्मीचे सातिवलीचे भाऊ. ती बोटीवर निघाली की मला काळजी वाटायची. ती म्हणायची, भाऊंनी केलंय काम, मी निर्धास्त आहे."

दोघी पुढे आल्या आणि म्हणाल्या, "थँक यू, अंकल."

मला रडूच फुटलं. ते मी म्हणायचं होतं, आणि त्यांच्या आईला.