ललिताबाईंना सलाईन हवी होती

आमच्या मंगरूळपीरकडे माणूस खरंच आजारी आहे की नाही, हे डॉक्टर ठरवत नाही, सलाईन ठरवते. बाटली टांगली की पाहुणे नारळ घेऊन हजर. नुसत्या गोळ्या दिल्या, तर घरचेसुद्धा म्हणतात, नाटकं करते. या खुळापायी वैजयंती सिस्टरांचं निम्मं आयुष्य भांडणात गेलं. मी कंपाउंडर असलेल्या बस स्टँडमागच्या दवाखान्यात त्या येईल त्याला सुनावत, "जुलाबानं अंगातलं पाणी गेलं तर मिठाची बाटली. साखर उतरली तर साखरेची. ताकदीची बाटली अजून कोणी काढली नाही!"

पण ललिताबाई हट्टालाच पेटल्या होत्या. पाय सुजलेले, धाप लागलेली, आणि एकच धोशा, "सिस्टर, मले सलाईन लावा."

"मावशी, तुमचं काळीज थकलं. वरून पाणी भरलं तर छातीत साचन. डॉक्टर उलट पाणी काढून राह्यले."

"मागच्या खेपेले तं लावली होती."

"तवा जुलाब होते. अंगातलं पाणी कमी पडलं होतं."

ललिताबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. "तवा माहा पोरगा विकास आला होता पुण्याहून. दिवसभर या खुर्चीवर बसून थेंब पाहत होता. सलाईन लागली म्हटलं का तो येते, सिस्टर. गोळ्यायले कोणी येत नाही."

वैजयंती सिस्टर तशा फटकळ. त्या दिवशी मात्र त्या न सुनावताच उठल्या. व्हरांड्यात जाऊन त्यांनी विकासला फोन लावला, माय भरती असल्याचं सांगितलं.

"सलाईन लावली काय?" त्यानं आधी हेच विचारलं.

"नाही."

"मंग ठीक हाये. दिवाळीले येतोच मी."

"अरे, सलाईनही सोसत नाही इतकी थकली तुई माय! दिवाळीची कायले वाट पाहून राह्यला?"

दुसऱ्या दिवशी तो आला. आईकडे पाहायच्या आधी त्याची नजर सलाईनच्या स्टँडकडे गेली. मला त्याचा रागच आला, पण ललिताबाईंना कुठला राग! त्या नुसत्या त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"माय, बाटली कुठी हाये?"

ललिताबाईंनी खुर्चीकडे हात केला.

"बाटली नाही रे बाप्पा. पण तू बस. मागच्या खेपेले ती सरेपर्यंत बसला होता ना, तसाच बस."