मामा नव्हते तो सोमवार

आमच्या शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोन माणसं असतात. एक मी, विभागप्रमुख. दुसरे लॅबमामा, जे काम करतात.

हे वाक्य आज मी मोठ्या मनाने लिहितोय, पण तीन महिन्यांपूर्वी मला कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं. तेव्हा माझी समजूत अशी होती की मामा बाटल्या धुतात आणि बाकीचं सगळं माझ्या हुशारीवर चालतं.

मामा अंगाने काटकुळे. शर्टाच्या दोन्ही बाह्यांना अ‍ॅसिडने पडलेली बारीक भोकं, कानावर पेन्सिल, खांद्यावर फडकं. सकाळी शाळा भरायच्या तासभर आधी येतात. प्रात्यक्षिक असेल तर द्रावणं करतात, ती बरोबर झालीत की नाही हे बघायला अख्खा प्रयोग स्वतः तीनदा करतात, आणि आलेलं उत्तर एका चिठ्ठीवर लिहून, चिठ्ठीची घडी घालून माझ्या टेबलावर हजेरीपटाखाली सरकवतात. मग मी ऐटीत वर्गात शिरतो, एखाद्या मुलीच्या वहीत डोकावतो आणि म्हणतो, "चौदा आलं? परत कर. माझा अनुभव सांगतो, दहाच्या आसपास यायला हवं." मुलं माझ्याकडे आदराने बघतात. आदर मला फार आवडतो.

मामा चौदा वर्षं हंगामी होते. यंदा संस्थेच्या समितीने ठरवलं की हंगामी जागा एक तर कायम करायच्या, नाही तर बंद. बैठक शनिवारी होती. बंद झाली असती तर पन्नाशी ओलांडलेल्या मामांना दुसरीकडे कोण दारात उभं करणार होतं? मुख्याध्यापिका बाईंनी मला मामांच्या कामाबद्दल एक पानभर लिहून द्यायला सांगितलं. लिहिण्याच्या बाबतीत मी कुणाला हार जाणारा नाही. 'निष्ठावान', 'नम्र', 'सदैव हसतमुख', 'हाकेला धावून येणारे' असं सगळं ओतलं आणि शुक्रवारी पान बाईंच्या हातात ठेवलं.

बाईंनी चष्मा लावून वाचलं, काढून ठेवला.

"सर, हे तुम्ही तुमच्या कुत्र्याबद्दल लिहिलंय का?"

"बाई, म्हणजे..."

"ते काम काय करतात ते कुठंय यात? समिती विचारणार, ही जागा लागते कशाला? काय सांगू, हसतात म्हणून? आमची बैठक एक आठवडा पुढे गेलीय, नशीब समजा. नीट लिहून आणा."

मी मान खाली घालून परत आलो. दोन दिवस डोकं खाजवलं, पण 'बाटल्या धुतात' याच्या पुढे गाडी सरकेना. माझ्या हाताखाली चौदा वर्षं राबणारा माणूस नक्की काय करतो, हे मला माहीत नव्हतं!

सोमवारी मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मामा रजा मागायला आले तेव्हा चेहरा पडलेला. "सर, वरच्या वर्गाचं प्रात्यक्षिक आहे त्या दिवशी. चोवीस मुलं आहेत. मी पहाटे येऊन द्रावण करून जाऊ?"

"अहो मामा, मी कशाला आहे? बिनधास्त जा."

मामा जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला ते कृतज्ञतेने बघतायत असं वाटलं.

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तू द्रावण करणार? चहात किती साखर घालू हे मला हाक मारून विचारतोस."

एक लिटर पाण्यात चार ग्रॅम कॉस्टिक सोडा, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. झोपेतही सांगेन. सोमवारी मी काट्यावर चार ग्रॅम अगदी सोन्यासारखे मोजले, मामांचा निळा कॅन पाण्याने भरला, सोडा त्यात टाकला, ढवळला आणि हात झटकले. यात काय एवढं, असंही मनाशी म्हणालो. कॅन दहा लिटरचा होता.

प्रात्यक्षिक सुरू झालं. खालच्या चंचुपात्रात अ‍ॅसिड, वर उभ्या नळीत माझं द्रावण. थेंब थेंब सोडायचं आणि पात्रातलं पाणी गुलाबी झालं की थांबायचं. चोवीस मुलं थेंब सोडत होती. नळ्या रिकाम्या झाल्या. पुन्हा भरल्या, पुन्हा रिकाम्या झाल्या.

"सर, गुलाबी होतच नाहीये."

"घाई करू नका. रसायनशास्त्रात संयम लागतो," मी म्हणालो.

तिसऱ्यांदा नळ्या भरल्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, किती यायला हवं?" मी सवयीने हजेरीपट उचलला. खाली काहीच नव्हतं. मला दरदरून घाम फुटला. "आलोच," म्हणून बाहेर व्हरांड्यात गेलो आणि मामांना फोन लावला. ते ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसले होते.

"मामा, मामी कशा आहेत?"

"आत घेतलंय आत्ताच. सर, कॅन कुठला घेतलात?"

मी अजून काही सांगितलंही नव्हतं.

"निळा."

"आणि सोडा चार ग्रॅम."

"हो."

"किती उरलंय कॅनमध्ये?"

"अर्धा."

"मग आणखी अठरा टाका. कांडीने ढवळा, हात घालू नका."

मी वर सारलेली बाही गुपचूप खाली केली. मुलांनी पात्रांत नवं अ‍ॅसिड घेऊन पुन्हा सुरुवात केली आणि दहा मिनिटांत चोवीस पात्रं गुलाबी झाली. उत्तर दहा आलं. नंतर मी कागदावर आकडेमोड करून बघितली. अठराचा हिशेब मांडायला मला पाच मिनिटं लागली.

त्या आठवड्यात मी दुसरं पान लिहिलं. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "हे मी नाही वाचणार. तुम्हीच या."

लांब टेबलाभोवती समितीचे पाच जण आणि कोपऱ्यात दोन शिक्षक प्रतिनिधी. त्यांच्यासमोर मी उभा राहून वाचलं: कॅन, चार ग्रॅम, घाम, फोन, अठरा, आणि इतक्या वर्षांच्या चिठ्ठ्याही. आधी एकजण हसला, मग सगळेच. माझे कान तापले होते. अध्यक्षांनी डोळे पुसले.

"सर, मग यातली कुठली जागा ठेवायची, त्यांची की तुमची?"

"एकच ठेवायची असेल तर मला विचारू नका साहेब," मी म्हणालो. "खरं सांगावं लागेल."

मामा कायम झाले.

पत्र मिळाल्याच्या दिवशी मी मुद्दाम लवकर प्रयोगशाळेत गेलो. ते आभार मानणार, मग मी 'छे छे, मी काय केलं' म्हणणार, असं वाटेत घोकलंही होतं. मामा पाठमोरे नळाशी उभे होते. वळले नाहीत.

"सर, ते सगळ्यांसमोर का वाचलंत?"

"खरंच होतं ना मामा."

"खरं होतं ते मला माहीत नाही का?" त्यांचा आवाज चिरकला. "चौदा वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं मी."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि इतकी माया कुणी केल्याचंही आठवत नव्हतं. मी पुढे झालो, कट्ट्यावरची एक नळी उचलली आणि नळाखाली धरून धुवायला लागलो.

"सर," मामा हळूच म्हणाले, "ती धुतलेली आहे."