जावयाचं हिरवं पाणी

नवऱ्याच्या ओकारीत आधी हिरवं पाणी आलं, मग पिवळं आलं, आणि मग रक्त आलं. तो गोठ्याच्या खांबाला धरून वाकला होता. लुंगी मागून भरली होती, त्याला त्याचं भान नव्हतं. जावई बाजेवर आडवा होता आणि त्याचीही तीच तऱ्हा, फक्त रक्त नव्हतं. बाजेच्या सुतळीतून खाली गळत होतं. वास असा की कुत्रं अंगणात यायला तयार नव्हतं. मी चुलीतली राख टोपलीत भरून त्या घाणीवर टाकत होते आणि मलाच ओकारी येत होती.

लेक ओरडली, "माय, बाबा थंडे पडून राहिले!"

मी हात लावला. खरंच थंडा होता. एप्रिलचं ऊन अंगणात आलेलं आणि माणूस माठासारखा थंडा.

दोघांनी सकाळपासून एकच गोष्ट पोटात घातली होती, जावयाचं हिरवं पाणी.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, चिचगडच्या बाजूला. थोडी धानाची शेती, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. जावई आखातात वेल्डर होता. तिथला त्याचा मुकादम सिरियाचा. त्या लोकांना एक पाला प्यायची सवय आहे, येर्बा माटे म्हणतात त्याला. पाला पिकतो तिकडे दक्षिण अमेरिकेत, पितात हे वाळवंटात, आणि जावयानं आणला तो आमच्या अंगणात. हे २००९-१०च्या सुमाराचं. तो सुट्टीवर आला तेव्हा बॅगेत आमच्यासाठी एक साबणाची वडी नव्हती, पण पाल्याची पाकिटं भरून होती.

ते प्यायची रीत मी पाहिली आणि माझं तोंड कडू झालं. वाटीत अर्ध्याच्या वर सुका चुरा भरायचा. त्यावर गरम पाणी ओतायचं. मग एक लोखंडी नळी खुपसायची, तिच्या बुडाला चाळणी असते. एकानं ओढायचं, पाणी संपलं की पुन्हा ओतायचं आणि वाटी दुसऱ्याच्या हातात द्यायची. पाला तोच, नळी तीच.

"नळी पुसायची नाही का?" मी विचारलं.

"नाही मामी. पुसली तर देणाऱ्याचा अपमान होते."

"तुमच्या थुंकीनं माझा मान वाढत नाही, जवाईबापू."

नवरा माझ्यावर डोळे वटारून बसला. जावयाला असं बोलायचं नसतं. पण मी ती नळी तोंडाला लावली नाही, एकदाही नाही. माझी आई लहानपणी गावात उष्टं मागायला जायची. लोकांच्या लग्नातल्या पत्रावळी आमच्या माणसांनी उचलायच्या आणि त्यातला भात गोळा करून वाळवून ठेवायचा, असा रिवाज होता. दीक्षा घेतली तेव्हा आमच्या लोकांनी ते सगळं टाकलं. आईनं पुढे उपास काढले, पण कोणाचं उष्टं आमच्या ताटात येऊ दिलं नाही. आणि आता हा शिकलेला जावई कौतुकानं उष्टं पाजायला बसला होता.

नवऱ्याला मात्र त्याचा नाद लागला. पहिल्या दिवशी तोंड वाकडं करून प्याला, जावयानं दिलं म्हणून. आठवड्याच्या आत स्वतःच मागू लागला. उजाडलं की दोघं बाजेवर. वाटी इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि नळीचा तो फुर्र फुर्र आवाज.

"चायनं पोट जळते वो," नवरा मला सांगायचा. "यानं अंग हलकं होते. झोपच येत नाही दुपारची."

खोटं कशाला सांगू, काम करत होता. दुपारी पाय पसरून घोरणारा माणूस भर उन्हात कुंपण बांधत होता. मोहफुलं वेचताना माझ्या पुढे जायचा आणि वळून म्हणायचा, "काऊन, थकली का?" साठी ओलांडलेल्या माणसाला तो मस्तवालपणा शोभत नव्हता. बोलायचाही फार. जेवताना बोलायचा, न्हाताना बोलायचा.

वाटी-नळी धुणं माझ्याकडे होतं. तो भिजलेला पाला बुळबुळीत व्हायचा, त्याला धानाच्या कुजलेल्या तणसाचा वास यायचा. नळीच्या चाळणीत चुरा आणि दोघांची थुंकी मिळून लगदा अडकायचा. तो मी दाभणानं उकरून काढायचे आणि हात राखेनं घासायचे. लेक हसायची. मी म्हटलं, "हस. तुयाच नवऱ्याची थुंकी हाय, तू धू." मग हसायची बंद झाली, पण धुतली नाही.

जावयाची वाटी साधी नव्हती. वाळलेल्या छोट्या भोपळ्याची होती, मुकादमानं दिलेली. तिकडे भोपळ्यातच पितात म्हणे, चव वेगळी लागते. पण एक दिवस त्यानं ओला पाला तसाच आत ठेवला आणि तो अन् लेक पाहुणपणाला सौंदडला गेले. परत आले तेव्हा आत पांढरी लव उगवली होती, उंदराच्या पिलाच्या अंगावर असते तशी. जावयाचंच तोंड वाकडं झालं. त्यानंच ती उकिरड्यावर फेकली आणि दिवसभर तोंड पाडून बसला.

नवऱ्याला ते पाहवेना. "तोंड काऊन पाडून राहिले? आमच्या घरी तुंब्याले का तोटा हाय?"

तोटा नव्हताच. आमच्याकडे शेतात पाणी आणि पेज न्यायला तुंबा लागतो. आढ्याला दोन-तीन भोपळे वाळत टांगलेले असायचे. तुंब्याचा भोपळा कडू असतो, जहराइतका कडू. त्याचं साल जाड, म्हणून तो टिकतो. वाळला की तोंड कापायचं, बिया आणि गाभा खरवडून काढायचा आणि पाणी भरून ठेवायचं. रोज जुनं पाणी ओतून टाकायचं, नवं भरायचं, आणि ओतताना बोटावर घेऊन चाखायचं. कडू लागलं की थुंकायचं. असं पाणी गोड लागेपर्यंत चालतं, कधी पंधरवडा, कधी महिना. आमच्याकडे पोरासोरांना हे ठाऊक असतं. नवऱ्यानं तर जन्मभर घरचे तुंबे स्वतः केले.

पण जावयाची सुट्टी संपत आली होती. त्याला तुंब्याची वाटी तिकडे नेऊन मुकादमाला दाखवायची होती. नवऱ्यानं सगळ्यांत छोटा भोपळा कापला, खरवडला, एका रात्रीपुरतं पाणी भरून ठेवलं आणि सकाळी ते ओतून दिलं. म्हणाला, जावई तिकडे गेले की भिजवत राहतील. तेवढ्यात जावयानं त्यात पाला भरला, गरम पाणी ओतलं आणि पहिला मान सासऱ्याला दिला.

नवऱ्यानं ओढलं आणि थांबला. "लय कडू हाय जी."

"माटे कडूच राहते, मामाजी. नव्या वाटीत पहिल्यांदा जास्त लागते, आमचा मुकादम सांगते."

झालं. जो माणूस कडू लागलं की थुंकतो, तो गिळून बसला. त्या पाल्याचा कडूपणा कुठे संपतो आणि भोपळ्याचा कुठे सुरू होतो, हे जिभेला कसं कळणार? आणि जावयानं दिलेलं त्याच्या समोर थुंकणार कोण? लेकीनं एक घोट घेतला आणि तिथंच थुंकला. "बाप्पा! घसा जळून राहिला माया." दोघं तिला हसले. मग पाण्यावर पाणी ओतून, कडू कडू म्हणत, कोण जास्त ओढतो अशी पैज लागल्यासारखे पीत राहिले. मी नाक मुरडून गोठ्यात गेले. शेण काढून होईपर्यंत दोघं ओकायला लागले होते.

शेजारच्या जीपवाल्यानं आधी ताडपत्री अंथरली, मग माणसं उचलली. मला त्याचा राग आला नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. देवरीपर्यंत दोघांनी ती ताडपत्री भरून टाकली. नवऱ्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि माझं लुगडं ओलं होत होतं. मी फक्त त्याचं पोट हलतं का ते पाहत होते.

दवाखान्यात डॉक्टरनं पहिला प्रश्न केला, "मोहाची प्यायले का?"

"दारू प्यायले असते तर मी सोबत आलेच नसते."

"मग काय प्यायले? औषध द्यायला मला कळलं पाहिजे. फवारणीचं काही?"

मी जावयाकडे बोट दाखवलं. जावई पोट धरून सांगू लागला, पाला चांगला आहे, सीलबंद पाकीट आहे, तिकडे लाखो लोक पितात, मी रोज पितो. डॉक्टरनं कधी नाव ऐकलं नव्हतं. तो त्या पाल्यातच अडकला. नवऱ्याच्या हाताला नाडी लागत नव्हती, नर्स पुन्हा पुन्हा दाबून पाहत होती.

तेव्हा नवऱ्यानं डोळे न उघडता म्हटलं, "तुंबा. पाणी गोड झालं नव्हतं."

डॉक्टरला ते लगेच कळलं. कडू भोपळ्याचा रस पिऊन अशी गत झालेली माणसं त्यानं पाहिली होती. म्हणाला, यावर उतारा नाही, बाटल्या लावायच्या आणि वाट पाहायची. दोन्ही हातांना सलाइन लावून त्यानं दोघांना गोंदियाला पाठवलं.

गोंदियाच्या वॉर्डातली नर्स मलाच रागावली. "अम्मा, क्या पिला दिया बुड्ढे को?"

"मैंने नहीं पिलाया. दामाद ने पिलाया."

सगळ्या खाटांवरची माणसं जावयाकडे पाहू लागली. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवशी उठून बसला, बिस्कीट खाल्लं, ते पोटात राहिलं. नवऱ्याचा रक्तदाब मात्र वर येत नव्हता. खाली डांबरासारखं काळं जात होतं. मी बदलायचे, पुसायचे, मोरीत नेऊन धुवायचे, पुन्हा यायचे. लेक नाकाला पदर लावून दाराशी उभी राहायची. जावई येऊन माझ्या पायाशी बसला आणि रडायला लागला.

"रडू नका," मी म्हटलं. "इथं आधीच लय घाण हाय."

"मामी, मामाजीले काई झालं तर मी तोंड कसं दाखवू?"

"तुमच्या तोंडाचं मंग पाहू. बादली आणा."

त्यानं आणली. मग ती भरल्यावर नेलीही, आणि धुऊन परत ठेवली. त्या मुक्कामात त्यानं केलेलं तेवढंच काम मला आठवतं, पण ते त्यानं शेवटपर्यंत केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नर्सनं हाताला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला आणि पुन्हा एकदा गुंडाळून पाहिला. मग मान डोलावली, दाब वर आला होता. संध्याकाळी नवऱ्यानं पेज मागितली. चमच्यानं दिली, तर म्हणाला, मीठ नाही.

प्यायले ते दोघंच होते. दोघंही वाचले.